पावलांचे खोत

व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या मोबाइलवरील ॲप्सनी काल जे फुकट दिले त्याला आज किंमत लावली आहे, हा विषय आपल्या साप्ताहिकात चर्चेला घेण्याजोगा आहे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. पाण्यासाठी, घरासाठी आणि लोकलमध्ये पाय ठेवण्यापुरत्या जागेसाठी झगडणाऱ्या दिव्यासारख्या वस्तीत मनगटावरच्या घड्याळाची चिंता कोणाला, असेही कोणी विचारील. या आक्षेपाचे उत्तर दिव्याच्या रस्त्यावरच मिळते. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्या तयारीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुलामुलींना आखलेली धावपट्टी नाही, शिकवणारा प्रशिक्षक नाही. अंतर आणि वेळ मोजण्याचे साधन म्हणजे खिशातला मोबाइल. रक्तातील साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेली गृहिणीही त्याच मोबाइलवर पावले मोजते. सार्वजनिक व्यवस्थेने ज्यांना मैदान दिले नाही, त्यांच्या लेखी हे साधन चैनीचे राहत नाही. आणि जेथे गरज उभी राहते तेथे मक्तेदार पोहोचतोच.

घडले ते असे. मे २०२० मध्ये, जग टाळेबंदीत अडकले असताना, स्ट्राव्हा या अमेरिकन कंपनीने धावपटू आणि सायकलस्वार यांच्या ठरावीक टप्प्यांवरील वेळांची संपूर्ण क्रमवारी सशुल्क केली. फुकट वापरणाऱ्यांना पहिल्या दहांची यादी तेवढी उरली. ऑक्टोबर २०२२ पासून मायफिटनेसपाल या ॲपने खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरील बारकोड वाचून उष्मांक सांगण्याची सोय फुकट वापरणाऱ्यांकडून काढून घेतली. गूगलने फिटबिट ही कंपनी सुमारे २१० कोटी डॉलरांना घेण्याचा करार २०१९ मध्ये जाहीर केला, जानेवारी २०२१ मध्ये व्यवहार पुरा झाला, आणि मार्च २०२३ मध्ये वापरकर्त्यांच्या आपसांतील स्पर्धा आणि खुले गट बंद करण्यात आले. ज्यांनी ही घड्याळे रोख पैसे मोजून विकत घेतली होती, त्यांना याबाबत कोणी विचारलेही नाही.

आता खरा प्रश्न. ज्या गोष्टींना किंमत लावली गेली, त्या निर्माण कोणी केल्या? स्ट्राव्हाची क्रमवारी कंपनीच्या कचेरीत तयार झाली नाही. ती लक्षावधी लोकांच्या धावण्यातून तयार झाली. ज्या टप्प्यांवर ती लागते ते टप्पेसुद्धा वापरकर्त्यांनीच आखून दिले. मायफिटनेसपालच्या अन्नकोशातील फार मोठा भाग सामान्य माणसांनी आपले जेवण नोंदवता नोंदवता भरला. याच मायफिटनेसपालची खरेदी २०१५ मध्ये अंडर आर्मर या कंपनीने ४७.५ कोटी डॉलरांना केली, आणि २०२० मध्ये फ्रान्सिस्को पार्टनर्स या गुंतवणूकदार संस्थेला ती ३४.५ कोटी डॉलरांना विकली. या दोन सौद्यांत विकले गेले ते काय? केवळ संगणकाची आज्ञावली कोणी इतक्या किमतीला घेत नाही. विकली गेली ती माणसांची जमलेली गर्दी आणि त्या गर्दीने फुकट केलेले काम. त्या काम करणाऱ्यांना सौद्यातील छदामही मिळाला नाही. उलट पुढे त्यांनीच भरलेल्या कोशाच्या दाराशी त्यांच्याकडून पैसे मागण्यात आले.

दिव्यातील अनेक कुटुंबे मूळची कोकणातली आहेत. त्यांच्या आजोबा-पणजोबांना हा व्यवहार समजावून सांगावा लागला नसता. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीला कुळाने बांध घालायचा, भरतीचे पाणी थोपवायचे, वर्षानुवर्षे राबून ती पिकाऊ करायची. आणि जमीन पिकू लागली की खंड मात्र खोताला द्यायचा, हीच खोतीची रीत होती. आरंभी सवलत, पुढे वाढता खंड, आणि कुरकूर केली तर जमीन सोडून चालते व्हा! अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमीन न कसता संप केला तो याच रीतीविरुद्ध. नारायण नागू पाटील यांनी त्या लढ्याचे नेतृत्व केले. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि अखेर १९४९ च्या कायद्याने खोतीवर घाव घातला. जमिनीवरचा खोत गेला. आता पावलांवरचा खोत आला आहे. खत घालण्याच्या हंगामात तो ‘मोफत’ म्हणतो आणि पीक उभे राहिले की खंडाची पावती पुढे करतो.

यावर कंपन्यांचे कैवारी म्हणतील की संगणक चालवायला खर्च येतो, नोकरांना पगार द्यावे लागतात, मग पैसे मागितले तर बिघडले कुठे? खर्च येतो हे आम्हांस मान्य आहे. आपणही या साप्ताहिकाची वर्गणी भरतोच. परंतु वर्गणी भरणाऱ्याला जमाखर्च विचारता येतो, सभेत उभे राहून जाब मागता येतो, निर्णय चुकला तर तो फिरवता येतो. येथे मात्र शुल्क किती, ते कधी वाढणार, कोणती सोय उद्या बंद होणार, हे सारे सातासमुद्रापलीकडे ठरते आणि आपल्यापर्यंत केवळ सूचना येते. भागीदारी नसलेल्या या आकारणीला वर्गणी म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. तिचे नाव खंड.

दुसरा युक्तिवाद याहून चलाखीचा आहे: सक्ती कोणी केली? नको असेल तर सोडून द्या! पण सोडताना बरोबर काय नेता येते? आपली स्वतःची नोंद काही कंपन्या उतरवून घेऊ देतात. आपल्या देशात ती त्यांची मेहेरबानी आहे, नागरिकाचा हक्क नव्हे. युरोपात मे २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने स्वतःची माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क नागरिकाला दिला. आपल्याकडेही न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये सादर केलेल्या मसुद्यात तो हक्क होता, आणि सरकारने २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या विधेयकातही होता. २०२३ मध्ये प्रत्यक्ष कायदा संमत झाला तेव्हा तो गळालेला होता. तो गळाल्याने सोय कोणाची झाली, हे सांगण्यासाठी ज्योतिषी नको.

शिवाय हे केवळ हौसेच्या धावण्यापुरते थांबणारे नाही. काही आरोग्यविमा योजनांत रोजच्या पावलांच्या हिशेबावर हप्त्यात सवलत मिळू लागली आहे. म्हणजे पावलांची नोंद ही उद्या पैशाच्या मोलाची वस्तू होणार. गर्दीत उभ्याने प्रवास करणाऱ्या, पादचारी पूल चढणाऱ्या, हंडे वाहणाऱ्या बाईचे श्रम कोणत्या हिशेबात धरायचे आणि कोणत्या नाही, हे ठरवण्याचा अधिकार नफेखोर कंपनीच्या हाती जाऊ देणे आपल्याला परवडणारे नाही.

व्यायामाची आपली परंपरा फुकटाची नव्हती, सार्वजनिक होती. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दलाची स्थापना झाली तेव्हा मैदानावरच्या शाखेत कवायत आणि खेळ होते, आणि तेथे कोणी कोणाच्या धावेची मालकी सांगितली नाही. ती मैदाने आपण गमावत गेलो म्हणूनच पावले मोजण्याचा बाजार उभा राहिला.

तेव्हा कार्यकर्त्यांनी तीन मागण्या घेऊन लोकांत जावे. स्वतःची माहिती बरोबर नेण्याचा हक्क कायद्यात परत आला पाहिजे. लोकांनी मिळून भरलेला अन्नकोश आणि तत्सम साठा ही सार्वजनिक संपत्ती मानली जावी, आणि सरकारी खर्चाने चालणारे, कोणाचीही माहिती न विकणारे ॲप लोकांना मिळावे. आणि ठाणे महानगरपालिकेने दिव्यातील मैदानांची आरक्षणे किती, त्यांपैकी मोकळी किती आणि गिळली गेलेली किती, याचा हिशेब जाहीर करावा. पहिल्या दोन मागण्या दिल्लीच्या आहेत, म्हणून तिसरीची सुरुवात आजच आपल्या प्रभागातून करता येते.

दिव्याला हे शिकवण्याची गरज नाही. ज्या गावात ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षे टाकला गेला, तेथील प्रवाशांचा संताप २ जानेवारी २०१५ रोजी रुळांवर उतरला, आणि त्यानंतरच जलद गाड्या दिव्याला थांबू लागल्या. त्या दिवशीच्या जाळपोळीचे समर्थन आपण करणार नाही. परंतु गप्प बसणाऱ्याच्या दारात गाडी थांबत नाही, हा त्यातला धडा विसरणारही नाही. जमीन कसणाऱ्याची, हे तत्त्व आपल्या पूर्वसुरींनी कायद्यात आणून दाखवले. पावले चालणाऱ्याची, हे तत्त्व कायद्यात आणण्याचे काम आपले आहे.