नुसता एक नमस्कार

मूर्तिपूजा म्हटली कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें दगडाची किंवा धातूची प्रतिमा उभी राहते. आणि ख्रिस्ती मनुष्य मूर्तिपूजेला विरोध करतो म्हणजे शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे पाहून नाक मुरडतो, अशी सरसकट समजूत होऊन बसते. ही समजूत सर्वस्वीं निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. कित्येक मिशनरी गृहस्थांनींच ती आपल्या लेखणीनें व वाणीनें पोसली आहे. परंतु ज्या आज्ञेवर हा विरोध उभारलेला आहे, ती शेजाऱ्याला केलेली नसून खुद्द भक्ताला केलेली आहे. एका ईश्वरावांचून दुसऱ्या कोणालाही आपलें अंतःकरण गहाण टाकूं नये, हा तिचा मथितार्थ. तिची खरी कसोटी देवळाच्या दारांत क्वचितच लागते. ती लागते सरकारी कचेरींत, शाळेच्या पटांगणांत आणि पेढीवर.

हा अनुभव ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी यानें बादशहा ट्राजन यास एक पत्र लिहिलें. ख्रिस्ती म्हणून धरून आणलेल्या इसमांची चौकशी आपण कशी करतों, हें त्यांत त्यानें कळविलें आहे. बादशहाच्या प्रतिमेपुढें धूप व मद्य अर्पण करावें, ख्रिस्ताची निंदा करावी आणि मोकळें व्हावें. न करील त्याला शिक्षा. चिमूटभर धुपाची किंमत ती काय? सुभेदाराला धूप नको होता. त्यामागची शरणागति हवी होती.

ही फार जुनी गोष्ट झाली, असें कोणी म्हणेल तर त्यानें जपानकडे पाहावें. ९ जानेवारी १८९१ रोजीं टोकियो येथील एका सरकारी विद्यालयांत, बादशहाच्या सहीच्या शिक्षणविषयक फर्मानापुढें सर्व शिक्षकांनीं लवून वंदन करावयाचें होतें. उचिमुरा कान्झो नांवाच्या ख्रिस्ती शिक्षकानें मान किंचित् लवविली, पण पूर्ण वंदन करण्यास तो कचरला. देशभर गहजब झाला. ‘ही पूजा नव्हे, केवळ आदर आहे,’ अशी समजूत घालण्यांत आल्यावर तो वंदनास कबूलही झाला. तरी नोकरी गेली ती गेलीच. ज्याला राजद्रोही ठरविलें, तो मनुष्य येशू आणि जपान या दोघांवर आपलें सारखेंच प्रेम असल्याचें अखेरपर्यंत सांगत राहिला!

‘हा धर्म नव्हे, केवळ शिष्टाचार’ या एका वाक्यानें पुढें कोरियांत काय केलें, तें अधिक विचार करण्यासारखें आहे. जपाननें १९१० सालीं तो देश गिळंकृत केला, आणि पुढें शिंतो देवस्थानांपुढें वंदन करण्याची सक्ति आरंभिली. सप्टेंबर १९३८ मध्यें प्याँगयांग येथें प्रेस्बिटेरियन मंडळीची महासभा भरली. सभासदांच्या रांगांत पोलीस बसलेले होते. देवस्थानास वंदन करणें हा धर्मविधि नसून देशभक्तीचा संस्कार आहे, असा ठराव मांडण्यांत आला. अध्यक्षांनीं अनुकूल मत विचारलें. प्रतिकूल मत विचारलेंच नाहीं! कायद्याचा अभ्यास केलेल्या कोणालाही विचारा, याला ठराव म्हणतां येईल काय? चू की-चोल नांवाच्या पाळकानें मात्र हा कागद मानला नाहीं. वारंवार कारावास भोगून एप्रिल १९४४ मध्यें तो तुरुंगांतच मरण पावला. जपानचें राज्य १९४५ सालीं गेलें. आणि १९५४ सालीं दक्षिणेंतील महासभेनें तो जुना ठराव रद्द केला. पोलिसांपुढें मुकाट्यानें वांकलेल्या सभेला सोळा वर्षांनीं एका कैद्याचें म्हणणें मान्य करावें लागलें.

परक्या सत्तेची मूर्ति नाकारलेली आमच्यासारख्या राष्ट्राभिमान्यांस गोड वाटणारच. खरा कठीण प्रश्न पुढेंच आहे. मूर्ति आपल्याच राष्ट्राची असेल तर? केरळांत जुलै १९८५ मध्यें यहोवाचे साक्षी या ख्रिस्ती पंथांतील तीन मुलांस शाळेंतून काढून टाकण्यांत आलें. राष्ट्रगीत चालू असतां तीं अदबीनें उभीं राहत. पण आपली प्रार्थना एका ईश्वरालाच, या श्रद्धेमुळें तीं गात नसत. ऑगस्ट १९८६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं राष्ट्रगीत गाइलेंच पाहिजे असा कोणताही कायदा नाहीं, अदबीनें उभें राहण्यांत अपमान नाहीं, आणि श्रद्धा प्रामाणिक असली म्हणजे पुरे. ती न्यायाधीशास पटते कीं नाहीं हा प्रश्न गैरलागू आहे. आम्ही स्वतः राष्ट्रगीत अभिमानानें गातों, आणि म्हणूनच या निकालाचाही आम्हांस अभिमान वाटतो. जें राष्ट्र तीन मुलांच्या मौनाला भीत नाहीं, तेंच राष्ट्र बळकट होय. राष्ट्राला मान द्यावा, कर द्यावा, प्रसंगीं प्राणही द्यावा. पण सदसद्विवेक देऊं नये. तो दिला म्हणजे राष्ट्राच्या चुका त्याला सांगणार कोण?

आतां ख्रिस्ती बांधवांसही दोन शब्द. जो बादशहापुढें वांकत नाहीं, त्यानें आपल्या घरांतल्या मूर्तीही तपासाव्या. गोव्यांतील कित्येक चर्चांच्या कॉन्फ्रारी जातीजातींनीं वाटून घेतलेल्या होत्या. एकाच क्रुसाखालीं उभें राहून सोयरिकीच्या वेळीं बाप्तिस्म्याआधींचें कुळ धुंडाळणारे लोक महाराष्ट्रांतही दुर्मिळ नाहींत. ही जातीची मूर्ति नव्हे तर काय? आणि धनाची मूर्ति तर सर्व धर्मांच्या पेढ्यांवर सारख्याच भक्तीनें पुजली जाते. तिला ना नैवेद्य लागतो ना पुजारी, नुसती खोटी वही पुरते. दोन धन्यांची चाकरी एकाच वेळीं साधत नाहीं, ही येशूची शिकवण पेढीवरच्या माणसाला समजावून सांगावी लागू नये.

प्रत्येक मूर्ति प्रथम अगदीं थोडें मागते: चिमूटभर धूप, एक नमस्कार, एक सही. त्या थोड्यालाच जो नम्रपणें पण ठामपणें ‘नाहीं’ म्हणतो, त्याचा धर्म आमचा असो वा नसो, तो सर्वांच्याच स्वातंत्र्याची राखण करीत असतो. अशा माणसाच्या पाठीशीं उभें राहणें, हें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.