उमेदवारी की वेठबिगार?

दरवर्षी जानेवारी उजाडला की संगणकशास्त्राच्या अखेरच्या सत्रातील हजारो विद्यार्थी पुणे, बंगळूर, हैदराबाद, नोएडा येथील सॉफ्टवेअर कंपन्यांत ‘इंटर्न’ म्हणून रुजू होतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अशी उमेदवारी अभियांत्रिकी अभ्यासक्रमाचा भाग केली आहे. शिक्षण आणि उत्पादक श्रम यांची सांगड घातली जावी, ही समाजवादी विचाराची जुनीच भूमिका आहे. तेव्हा उमेदवारीला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र कंपनीच्या दारातून आत येणाऱ्या या तरुणाला मालक कोणत्या नात्याने आत घेतो, विद्यार्थी म्हणून की फुकटचा कामगार म्हणून, हे तपासणे अगत्याचे आहे.

खऱ्या प्रशिक्षणाला किंमत पडते. अनुभवी अभियंत्याला आपला वेळ खर्ची घालावा लागतो, शिकणाऱ्याच्या चुका निस्तराव्या लागतात. काही कंपन्या हे प्रामाणिकपणे करतात, योग्य विद्यावेतन देतात, पदवीनंतर नोकरीतही घेतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु अनेक ठिकाणी चित्र निराळे दिसते. प्रोग्रामच्या चाचण्या घेणे, त्यातील दोष शोधून दुरुस्त करणे, ग्राहकासाठी कोड लिहिणे ही कामे थोड्याच आठवड्यांत विद्यार्थ्यावर सोपविली जातात. त्याचे काम ग्राहकाकडे जाते, त्याचे बिल वसूल होते आणि विद्यार्थ्याच्या हाती पडते ते एक प्रमाणपत्र. कित्येकदा त्या प्रमाणपत्रासाठी त्याच्याकडूनच शुल्क उकळले जाते! सहा महिने सरले की जुनी तुकडी बाहेर आणि नवी तुकडी आत. वेतनच नाही, तेव्हा त्याने निर्माण केलेले सारेच मूल्य मालकाच्या तिजोरीत जमा होते.

यात नवे काही नाही. ब्रिटिश संसदेने १८०२ साली केलेला पहिला कारखाना कायदाच मुळी कापड गिरण्यांतील बाल-उमेदवारांची दैना पाहून करावा लागला. मुंबईच्या गिरणगावात बदली कामगार वर्षानुवर्षे रोज सकाळी दारावर ताटकळत उभा राहिला, तो कायम होण्याच्या आशेवर. आज ती आशा ‘पुढे नोकरी मिळेल’ या शब्दांत संगणकाच्या विद्यार्थ्याला दाखविली जाते.

कायद्याची चाल कोणत्या दिशेने आहे, हेही पाहण्यासारखे आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येत शिकाऊ उमेदवाराचा स्पष्ट समावेश केला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील उमेदवाराला त्या व्याख्येतून तितक्याच स्पष्टपणे वगळले आहे. तत्पूर्वी २०१४ च्या दुरुस्तीने, शिकाऊ उमेदवार कायदा मोडणाऱ्या मालकाला होऊ शकणारी तुरुंगवासाची शिक्षा काढून टाकली होती. उरला तो किरकोळ दंड. संगणकाच्या विद्यार्थ्याची गत याहूनही वाईट. तो बहुधा महाविद्यालयाच्या पत्रावर आलेला असतो. या कायद्याखाली त्याचा करारच नोंदविलेला नसतो. त्यामुळे उमेदवाराचे ठरलेले विद्यावेतन त्याला नाही आणि कामगाराचे किमान वेतनही नाही.

शिक्षण संपलेल्या बेकार तरुणांसाठी केंद्र सरकारने २०२४ साली जी इंटर्नशिप योजना आणली, तिचा हिशेबही बोलका आहे. देशातील ५०० बड्या कंपन्यांसाठी आखलेल्या या योजनेत महिना ५,००० रुपये ठरविण्यात आले. पैकी ४,५०० रुपये सरकारी तिजोरीतून आणि कंपनीचे अवघे ५००. तेही सामाजिक दायित्वाच्या निधीतून, म्हणजे कायद्यानुसार जो पैसा कंपनीने एरवीही खर्च करावयाचाच होता त्यातून! श्रम कंपनीला आणि बोजा जनतेला, असा हा न्याय आहे.

‘शिकणाऱ्याला कामगार कसे म्हणावे?’ असा सवाल मालक करतात. त्याचे उत्तर संसदेने एकदा दिलेले आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी व शिकाऊ उमेदवारांनाही, मोबदला मिळो वा न मिळो, कर्मचारी मानतो. छळापासून संरक्षण देताना कायद्याला जी व्यक्ती कर्मचारी दिसते, ती पगाराच्या दिवशी अदृश्य कशी होते? फ्रान्ससारख्या भांडवलशाही देशातही दोन महिन्यांहून अधिक काळ विद्यार्थी ठेवून घेणाऱ्या कंपनीला त्याला किमान मोबदला द्यावाच लागतो.

म्हणून मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. प्रत्येक इंटर्नशी लेखी करार व्हावा आणि त्यात कामाचे तास, शिकविणारा अभियंता व शिकावयाचा विषय नमूद असावा. राज्यातील किमान वेतनापेक्षा कमी मोबदला नसावा. विद्यार्थ्याकडून कोणतेही शुल्क घेण्यास सक्त बंदी असावी. कायम कर्मचाऱ्यांच्या प्रमाणात इंटर्नच्या संख्येवर मर्यादा असावी आणि रिकाम्या जागी त्यांना प्रथम हक्क मिळावा. महाविद्यालयांनीही या अटी मान्य करणाऱ्या कंपन्यांकडेच विद्यार्थी पाठवावेत.

या मागण्या एकट्या विद्यार्थी संघटनेच्या नाहीत. फुकटचा इंटर्न उपलब्ध असेल तोवर शेजारच्या टेबलावरील कायम अभियंत्याचा पगार आणि नोकरी दोन्ही डळमळीत राहणार. विद्यार्थी आघाडी व कामगार आघाडी येथे एकाच दाराशी येऊन पोहोचतात. ज्या ज्या शहरात सॉफ्टवेअर उद्योग आहे, तेथील पक्षशाखांनी महाविद्यालये आणि कंपन्यांचे कर्मचारी यांच्या संयुक्त सभा घेऊन हे काम हाती घेतले पाहिजे. पुढच्या जानेवारीत नवी तुकडी त्या दारात उभी राहील. तिला एकटीला आत पाठवू नये.