विळ्याचे पाणी आणि प्राध्यापकांचे संशोधन

यंदा विज्ञान दिनाच्या फलकावर एक नाव वाचले : प्रा. नितीन पडतुरे. नावाखाली पदव्या आणि विद्यापीठे होती. मुंबईच्या आय. आय. टी.तून 1985 साली धातुशास्त्राची पदवी, अमेरिकेत लीहाय विद्यापीठातून 1991 साली पीएच. डी., पुढे कनेक्टिकट, ओहायो स्टेट आणि 2012 पासून ब्राउन विद्यापीठात प्राध्यापक. "केवढा मोठा माणूस!" असे म्हणून आम्ही मैत्रिणी पुढे निघालो. या माणसाने इतकी वर्षे नेमके केले काय, हे कोणीच विचारले नाही. मित्रमैत्रिणींनो, माझ्या मते आपले चुकते ते इथेच.

हा प्रश्न मला घरी विचारला गेला. शिवरे गावी आमचा लोहारकीचा भाता आहे. अण्णा चौथीपर्यंत शिकलेले. ते म्हणाले, "एवढा शिकला, खरं. पण म्हंजी केलं काय त्यानं?" मला सांगता येईना. मग आठवडाभर वाचत बसले.

लोखंड वरून एकसंध दिसते. पण ते आरशासारखे घासून, सौम्य आम्ल लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, की आत कणांची वस्ती दिसते. कणाकणांत सीमा, कुठे पोकळी, कुठे भेग. शेफील्डच्या हेन्री सॉर्बीने 1863-64 च्या सुमारास हे पाहिले. वस्तूचे बळ या आतल्या रचनेवर ठरते. तापलेल्या विळ्याला पाणी दिले, की आतली मांडणी क्षणात बदलते व तो कठीण होतो, पण ठिसूळही होतो. म्हणून अण्णा त्याला पुन्हा थोडी ऊब देतात.

पडतुरे यांचा बराचसा अभ्यास भाजलेल्या मातीच्या जातीच्या, म्हणजे कठीण पण चटकन तडकणाऱ्या पदार्थांवर आहे. 1994 साली त्यांनी सिलिकॉन कार्बाइडमध्ये भट्टीतच लांबट, पत्र्यासारखे कण वाढवून दाखवले. त्यामुळे भेगेला सरळ धावता येत नाही, वळसे घ्यावे लागतात. 2002 साली गेल आणि जॉर्डन यांच्यासह त्यांनी 'सायन्स' नियतकालिकात विमानाच्या इंजिनातील पात्यांवरच्या लेपाविषयी लिहिले. तिथला वायू पात्याचा धातू वितळेल इतका तप्त असतो. लेपातली बारीक छिद्रे उष्णता अडवतात, आणि फटींमुळे तो आकुंचन-प्रसरण सोसतो. म्हणजे इथे दोषच उपयोगी पडला! 2021 साली त्यांच्या गटाने नव्या प्रकारच्या सौरघटात दोन थरांमध्ये एका रेणूएवढ्या जाडीचा 'डिंक' भरला. घटाचे आयुष्य सुमारे 700 तासांवरून 4000 तासांपर्यंत जाईल, असा अंदाज निघाला. पदार्थ बदलले, प्रश्न मात्र तोच : भेग कुठून सुटते आणि तिला अडवावे कसे?

अण्णा ऐकून म्हणाले, "आगं, म्हंजी तुकडा का उडतो, त्येच की!"

अण्णांना सारे आधीच ठाऊक होते, असा खोटा अभिमान मी बाळगणार नाही. 'रेणू' म्हणजे काय हे त्यांना सांगताना माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. फरक मोठा आहे. प्राध्यापकांचे ज्ञान मोजलेले आहे, लिहिलेले आहे. दुसरा कोणी ते तपासू शकतो, चूक दाखवू शकतो. अण्णांचे ज्ञान त्यांच्या डोळ्यांत आहे. लोखंड कोणत्या रंगाला आले की पाण्यात घालायचे, हे कुठेही लिहिलेले नाही. माझा भाऊ टेम्पो चालवतो. अण्णांबरोबर ते ज्ञान जाणार.

"बी. ए. करून काय करणार?" असे आपल्याला उठसूट विचारले जाते. माझे उत्तर असे, की विचारणार आणि लिहिणार. हे विषय मराठीत सांगता येत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी आधी समजून घेतले आहेत का, ते पाहावे. मला निम्मे समजले, तेवढे अण्णांना सांगता आले.

म्हणून प्राध्यापकवर्गाला एक विनंती. पुढच्या वर्षी फलकावर नाव लिहाल, तेव्हा पदव्यांची एक ओळ कमी करा आणि कामाविषयी चार ओळी मराठीत लिहा. त्या लिहायला आम्ही कला शाखेची मुलेमुली येऊ. मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. भात्याजवळ वही घेऊन बसते. तापल्या लोखंडाच्या रंगांना अण्णांची पाच नावे आहेत. तीन लिहून झाली.