कायद्याने खिडकी दिली, हवा कुठाय?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या न्यूयॉर्कची गोष्ट आपल्याला नेहमी एकाच साच्यातली सांगितली जाते. युरोपातून बोटी भरभरून माणसं आली, दाटीवाटीने घाणीत राहिली. मग जेकब रीस नावाच्या वार्ताहराने त्यांचे फोटो काढले, १८९० साली पुस्तक काढलं, सभ्य लोकांना पाझर फुटला आणि शहर सुधारलं. छान गोष्ट आहे. फक्त ज्यांना 'सुधारायचं' होतं ती माणसं त्यात कुठे बोलताना दिसत नाहीत!

आता हे बघा. १८७९ साली न्यूयॉर्कात कायदा झाला, की नव्या भाडोत्री इमारतींमधे बिनखिडकीच्या झोपायच्या खोल्या चालणार नाहीत. त्याच सुमारास एका प्लंबिंगविषयक मासिकाने आदर्श आराखड्याची स्पर्धा लावली आणि जेम्स वेअरला बक्षीस मिळालं. प्लॉट २५ फूट रुंद, १०० फूट लांब. इमारत मधे चिमटलेली, व्यायामाच्या डंबेलसारखी. शेजारशेजारच्या इमारतींमधे जी अरुंद पोकळी उरते, तिच्यात आतल्या खोल्यांच्या खिडक्या उघडायच्या. झाली की कायद्याची पूर्तता! आमच्या धंद्याच्या भाषेत, सगळ्या टेस्ट केसेस पास.

प्रत्यक्षात खालच्या मजल्यांवर उजेड पोचेना. पोकळीत कचरा साठला आणि त्याचा वास त्याच खिडक्यांतून घरात. आग लागली की पोकळीचं धुराडं. मजल्यावर चार बिऱ्हाडं आणि संडास सामाईक. वर "हे लोकच घाणेरडे" म्हणायला सगळे मोकळे! अहो, पाच-सहा मजले चढून-उतरून कचरा टाकायचा कुठे, हे आराखडा काढताना कोणी विचारलं होतं का? असल्या इमारती बांधणं बंद व्हायला १९०१ चा कायदा यावा लागला. म्हणजे बावीस वर्षं!

रीस स्वतः डेन्मार्कहून १८७० साली आलेला. पण त्याच्या पुस्तकात इटालियन, ज्यू, चिनी अशी जमातवार वर्गवारी आहे आणि प्रत्येकाच्या नावावर शेरे. चिन्यांवरचं प्रकरण तर वाचवत नाही. आणि ते लिहिलं कधी? १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचं दार बंद झाल्यानंतर. मलबेरी बेंड ही वस्ती त्याच्या पाठपुराव्याने पाडली गेली, १८९७ साली तिथे बाग झाली. बाग चांगलीच हो. पण उठवलेली बिऱ्हाडं गेली कुठे? न्यूयॉर्क शहराने स्वतःची पहिली सार्वजनिक घरं बांधली ती १९३५ साली.

"फोटो नसते तर कायदेही झाले नसते" असं कोणी म्हणेल. मान्य. फोटोंनी डोळे उघडले. पण नुसते डोळे उघडून भागत नाही, कानही उघडावे लागतात.

ते कसं करायचं हेही त्याच काळात शिकागोत दिसतं. जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार १८८९ साली हॉल्स्टेड स्ट्रीटवर, त्या वस्तीतच राहायला गेल्या. सुरुवातीला यांचेही कलेचे आणि वाचनाचे वर्ग होतेच. शेजारणींची गरज निघाली कामावर जाताना पोरं ठेवायला जागा. मग हल हाऊसमधे पाळणाघर निघालं. १८९५ साली ॲडम्स वॉर्डाच्या कचरा निरीक्षक झाल्या आणि पहाटे कचरागाड्यांच्या मागे फिरू लागल्या. तिथेच राहणाऱ्या फ्लॉरेन्स केलीने घरोघरचे शिवणकामाचे कारखाने पाहिले आणि १८९३ साली इलिनॉयमधे बायकांसाठी आठ तासांच्या दिवसाचा कायदा करवून घेतला. १८९५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. यांना न्यायालयाने हरवलं, वेअरला बक्षीस मिळालं. असो!

गरिबांची कीव करणं सोपं आहे, त्यात आपण वरच्या पायरीवर राहतो. ज्याच्यासाठी घर बांधायचं त्याला विचारणं जड जातं, कारण तो "नको" म्हणू शकतो. आणि ज्या सुधारणेत "नको" म्हणायची सोय नाही, तिला मी तरी सुधारणा म्हणणार नाही.