उकिरड्याची दैना

उकिरड्याची दैनाही बारा वर्षांनी फिटते, असे आपली वडीलधारी माणसे म्हणत आली. आता विज्ञानाच्या साहाय्याने ती एका दिवसात फिटेल, शहराचा कचरा भट्टीत घातला की वीज मिळेल, असे सांगितले जाते. हे ऐकून कोणाला आनंद होणार नाही? परंतु आनंदाच्या भरात हिशेब विसरून चालणार नाही.

डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात 2017 साली सुरू झालेल्या कारखान्यात कचरा जाळून वीज आणि उष्णता दोन्ही मिळवतात. 2019 पासून त्याच्या उतरत्या छपरावर लोक स्कीइंगचा खेळही खेळतात. त्याचे छायाचित्र पाहून विद्यार्थी विचारतात, "सर, आपल्याकडे असे का नाही?" प्रश्न रास्त आहे. पण तो देश थंडीचा. वीज करून उरलेली उष्णता तेथे नळांवाटे घरोघरी जाते. आपल्याकडे घर तापवायला कोण पैसे मोजणार? नुसती वीजच करायची म्हटले, तर कचऱ्यातील उष्णतेचा जेमतेम पाव हिस्सा हाती लागतो.

शिवाय आपला कचरा निराळा. दिल्लीत तिमारपूर येथे 1987 साली डॅनिश तंत्राचा असाच एक कारखाना उभारला गेला. रोज 300 टन कचरा जाळून 3.75 मेगावॉट वीज मिळावी, ही अपेक्षा. परंतु तो कचरा धड पेटेचना, आणि कारखाना लवकरच बंद पडला. कारण पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजण्यासारखे आहे. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 600 किलोकॅलरी उष्णता लागते. आपल्या कचऱ्यात भाजीची देठे, शिळा भात, नारळाच्या शेंड्या आणि रस्त्यावरची माती. अशा ओल्या ढिगातली आग स्वतःलाच वाळवण्यात खर्ची पडते!

मग उपाय नाही काय? आहे, आणि तो होळकरांच्या इंदूरने दाखवला आहे. तेथे आधी घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची सवय लावली गेली. त्यानंतर फेब्रुवारी 2022 मध्ये रोज 550 टन ओला कचरा कुजवून सुमारे 17,000 किलो गॅस देईल असा प्रकल्प सुरू झाला. त्या गॅसवर शहराच्या बसगाड्या धावू लागल्या. यंत्र नंतर आले, सवय आधी आली. हा क्रम उलटा केला की तिमारपूर होते.

काहीजण म्हणतील, वेगळे करण्याचा खटाटोप कशाला, सगळेच जाळा. पण मिसळलेला कचरा जाळला तर धूर आणि राख उरतेच, आणि ती शहराबाहेरच्या गावाच्या वाट्याला येते. कागद, प्लॅस्टिक, पत्रा वेचून पोट भरणाऱ्या बायाबापड्यांचा घासही त्याच भट्टीत जातो. आपण दाराबाहेर टाकलेली पिशवी नाहीशी होत नाही. ती कोणाच्या तरी दारात जाऊन पडते. तुरमुरीकडे जाणाऱ्या गाड्यांमागून कधी चालून पाहा, म्हणजे पटेल.

या अंकात मराठी विभाग आहे, कन्नड विभागही आहे. भाषेवरून आपल्या गावात पुष्कळ वाद झाले. कचऱ्याला मात्र कोणतीच भाषा नाही; वसतिगृहाच्या मागच्या ढिगात सगळ्यांच्या ताटातले उष्टे एकत्रच कुजते. तेव्हा आरंभ तेथूनच व्हावा. खानावळीचे खरकटे, सोललेली साले वेगळ्या डब्यात जावीत आणि मागच्या आवारात एक लहानसा बायोगॅस संच बसवावा. त्यावर निदान सकाळचा चहा उकळेल. विज्ञान शाखेने गॅस मोजावा, वाणिज्य शाखेने खर्च मांडावा, आणि कला शाखेने, हातात डबा घेऊन, खोल्याखोल्यांतून लोकांना पटवावे!

मेगावॉटच्या गोष्टी नंतर बोलू. आधी दोन डबे ठेवू.