गुंडाळायची सौरपट्टी आणि टिकण्याचा सवाल



सतरंजीसारखी गुंडाळून नेता येईल, गोठ्याच्या पत्र्यावर पसरता येईल अशी सौरपट्टी येते आहे, अशा बातम्या हल्ली वारंवार छापून येतात. बातमी खोटी नाही. २००९ साली जपानमध्ये मियासाका यांनी पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकाचा सौरघट केला, तेव्हा उन्हातली जेमतेम ३.८ टक्के शक्ती विजेत उतरली. आज प्रयोगशाळेत हा आकडा २६ टक्क्यांच्या पुढे आहे. सिलिकॉनला इथवर यायला कित्येक दशके लागली.

पण हा उतारा कुठला, ते विचारा. प्रयोग केंद्राच्या गुंठाभर प्लॉटवरचा कपाशीचा उतारा आणि आपल्या कोरडवाहू रानातला उतारा यांत जे अंतर, तेच इथे. २६ टक्क्यांचा घट नखाएवढा, तोही काचेवर. प्लॅस्टिकवरच्या रुंद पट्टीत तो १५ टक्क्यांच्या आसपास येतो. हिशेब करा. भर दुपारी चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडते. तीन अश्वशक्तीच्या पंपाला ३००० वॅटचे पॅनेल धरले, तर २० टक्क्यांच्या सिलिकॉनला १५ चौरस मीटर पुरतात, या पट्टीला २० लागतील. रानात जागेची अडचण नाही. अडचण आहे टिकण्याची.

पेरोव्हस्काइट मिठाच्या जातीचे. ओल लागली की मोडते, तापले की विस्कटते. काच पाणी अडवते. प्लॅस्टिकमधून वाफ आत झिरपतेच. शिवाय पट्टी वारंवार वाकवली, की स्फटिकाच्या दाण्यादाण्यांमधल्या सांध्यांना भेगा पडतात, चैतात काळ्या रानाला पडतात तशा. वीज वाहून नेणारा पारदर्शक थरही तडकतो. जगभर खटपट चालली आहे ती याचसाठी: सांध्यांत चिवट रसायने भरायची, ठिसूळ थराऐवजी चांदीच्या सूक्ष्म तारांची जाळी घालायची, कडा सीलबंद करायच्या. जपानची सेकिसुई कंपनी दहा वर्षांच्या टिकाऊपणाचे सांगते. सिलिकॉन पॅनेलला २५ वर्षांची हमी मिळते. आणि पॅनेलची नेहमीची दमट उष्णतेची चाचणी किती, तर ८५ अंशांवर १००० तास, म्हणजे बेचाळीस दिवस! आपला एक उन्हाळाच त्याहून लांब.

यात शिसेही आहे. चौरस मीटरला ग्रॅमच्या आत, पण पाण्याने सुटणारे. गारपिटीत फाटलेली पट्टी आपल्याच रानात पडणार.

उद्या कोणी ही पट्टी दारात आणली, तर हाकलू नका. नव्या तंत्राला दार लावून आपले कधी भले झालेले नाही. पैसे मोजण्याआधी दोन गोष्टी मात्र कागदावर घ्या: दहाव्या वर्षी किती वॅट उरतील, आणि फाटलेली पट्टी कोण, कोणाच्या खर्चाने परत नेणार.