आठ पानांची रेट लिस्ट आणि दुकानातल्या मुलाची चूक



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एक्सेलमधली लांबलचक यादी वर्तमानपत्रासारखी तीन कॉलममध्ये कशी छापायची ते पाहिलं. कुठे क्लिक करायचं ते तिथे दाखवलंय. इथे मला त्यामागचं माझं मत सांगायचंय. बऱ्याच जणांना ही कागद वाचवायची युक्ती वाटते. कागद वाचतोच, पण तो फायदा किरकोळ आहे. खरा प्रश्न तुमच्या गल्ल्याचा आहे.

आधी माझ्यावर बेतलेला प्रसंग सांगतो.

ट्रेनिंगचं काम सुरू करण्याआधी माझं हार्डवेअरचं दुकान होतं. पाइप, फिटिंग, नळ, वायसर, सोल्युशन असा साडेतीनशेच्या वर माल. मी हौसेने सगळी रेट लिस्ट एक्सेलमध्ये केली, प्रिंट दाबलं, आठ पानं आली. स्टेपल मारून गठ्ठा काउंटरवर ठेवला. वाटलं, झालं काम, आता दुकान सिस्टिमवर आलं!

पीव्हीसीचे भाव बदलले की मी फक्त पाइपचं पान नवीन काढायचो आणि गठ्ठ्यात घालायचो. एकदा जुनं पान काढायचं राहून गेलं. त्याच दिवशी एक ठेकेदार आला, मी बँकेत गेलेलो. दुकानातल्या मुलाने गठ्ठा चाळला, पाइपचं पान सापडलं, रेट सांगितला, बिल केलं. ४० नग पाइप, नगामागे ३८ रुपये कमी. म्हणजे १,५२० रुपये गेले. ठेकेदाराच्या हातात आपलंच बिल, त्याला काय म्हणणार?

मी त्या मुलाला सगळ्यांसमोर बोललो. पगारातून कापीन असंही म्हणालो. तो एवढंच म्हणाला, "काका, पान तर आपलंच होतं."

रात्री घरी हाच विषय. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही स्वतःच त्या गठ्ठ्यातून पाऊण इंची एल्बोचा भाव काढून दाखवा ना, मी घड्याळ लावते." मला वेळ लागला तो लागलाच, वर भाव सांगितला तो एक इंचीचा! नाव पानाच्या डावीकडे, भाव पार उजवीकडे, मध्ये मोकळी जागा. नजर एक ओळ खाली घसरली.

यादी मी केलेली, माल माझा, आणि तरी मी चुकलो. मग समोर चार गिऱ्हाईकं उभी असताना त्या मुलाने काय करावं? दुसऱ्या दिवशी त्याची माफी मागितली. पगार कापला नाही, हे सांगायला नको.

माझं मत सरळ आहे

काउंटरवरच्या माणसाच्या हातात चुकायला सोपी यादी दिली, तर तो चुकणारच. आणि ती चूक मालकाच्या खात्यात धरायची. एक्सेलमध्ये डेटा भरला म्हणजे काम संपलं असं नाही. तो कागद कोण वाचणार, कुठे उभं राहून वाचणार, किती घाईत वाचणार, हे ठरवूनच प्रिंट दाबायचं.

थोडा हिशेब करू. ए-फोर कागद उभा धरा. एक्सेलची नेहमीची ओळ १५ पॉइंट उंचीची असते, म्हणजे नेहमीचे मार्जिन सोडून पानावर साधारण ४८ ओळी बसतात. त्यातली एक मथळ्याची. ३६० मालांची यादी असेल तर झाली आठ पानं. आणि प्रत्येक पानाचा उजवा भाग जवळपास कोरा, कारण आपल्याला छापायचंय फक्त नाव, एकक आणि भाव.

आता अक्षर ९ पॉइंटचं करा, ओळीची उंची १२ करा. पानावर मथळा आणि ६० ओळी बसतात. असे तीन कॉलम शेजारी शेजारी घेतले की एका पानावर १८० माल. ३६० माल म्हणजे दोन पानं, म्हणजे एकच कागद, पाठपोट! लॅमिनेशन करा आणि काउंटरला दोरीने बांधा. पान गहाळ होणार नाही, जुनं पान मध्येच राहणार नाही. भाव बदलला की अख्खा कागदच बदलायचा.

शिवाय नाव आणि भाव यांच्यात आता दोन बोटांचं अंतर उरतं. नजर घसरायला जागाच राहत नाही. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती आणि जुनी टेलिफोन डिरेक्टरी याच पद्धतीने छापलेली असायची, ती काही उगाच नाही.

एक्सेल हे आपोआप करत नाही

इथे बरेच जण अडकतात. वर्डमध्ये 'कॉलम्स' असं बटण आहे, एक्सेलमध्ये तसं बटण नाही. शोधत बसू नका. दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता वर्डचा. एक्सेलमधून यादी कॉपी करा, वर्डमध्ये पेस्ट करा, लेआउटमध्ये जाऊन कॉलम्स, मग थ्री. टेबल पहिल्या कॉलममध्ये खालपर्यंत जातं आणि पुढचं दुसऱ्या कॉलमच्या डोक्यावरून सुरू होतं. टेबल कॉलमपेक्षा रुंद असेल तर ऑटोफिट विंडो करा. पाच मिनिटांचं काम. पण ही मेलेली कॉपी आहे. उद्या एक्सेलमध्ये भाव बदलला तरी वर्डमध्ये जुनाच राहणार. वर्षात एकदा भाव बदलणाऱ्यांनी, म्हणजे क्लासची फी, शिलाईचे दर, पार्लरची रेट लिस्ट असणाऱ्यांनी हा रस्ता खुशाल घ्यावा.

दुसरा रस्ता छपाईसाठी वेगळी शीट करण्याचा. ज्यांचे भाव सारखे बदलतात त्यांनी हाच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. मूळ यादी एका शीटवर राहू द्या. दुसऱ्या कोऱ्या शीटवर पहिल्या ओळीत मथळे टाका: नाव, एकक, भाव. मग एक बारीक मोकळा कॉलम, पुन्हा तेच तीन मथळे, पुन्हा मोकळा, पुन्हा तीन. आता पहिल्या मथळ्याखाली बरोबरचं चिन्ह टाइप करा, मूळ शीटवर जाऊन पहिल्या मालाच्या नावावर क्लिक करा, एंटर. ते उजवीकडे भावापर्यंत ओढा आणि मग खाली ६० ओळी ओढा. मधल्या गटात हीच कृती, पण क्लिक ६१व्या मालावर. तिसऱ्या गटात १२१व्या मालावर. इथे पान संपलं, पेज ब्रेक द्या. पुढच्या पानावर १८१पासून तसंच पुढे.

हे एकदाच करायचं. नंतर मूळ शीटवर भाव बदला, छापायची शीट आपोआप बदलते.

तीन ठिकाणी लोक फसतात, तेवढं लक्षात ठेवा. एक, नवीन माल मूळ यादीच्या मध्ये ओळ घुसवून टाकू नका, तो छापायच्या शीटवर येतच नाही. सगळ्यात खाली लिहा आणि मग सॉर्ट करा. त्यासाठी सुरुवातीलाच शेवटी दहा-वीस जागा जास्तीच्या जोडून ठेवा. दोन, त्या रिकाम्या जागी शून्य दिसतं. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन शून्य दाखवायची टिक काढा. तीन, दुसऱ्या पानावर मथळे येण्यासाठी पेज लेआउटमधल्या प्रिंट टायटल्समध्ये पहिली ओळ निवडा.

ज्यांच्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे त्यांना रॅपकॉल्स नावाचं फंक्शन मिळतं. उभी यादी आणि किती ओळींनंतर तोडायची तो आकडा दिला की ते स्वतःच शेजारी शेजारी कॉलम पाडतं. पण ते एका वेळी एकाच कॉलमवर चालतं, नाव आणि भाव वेगवेगळे करावे लागतात. मला विचाराल तर आधी हाताने करा. कळतं तरी काय चाललंय.

उभं की आडवं?

मतदार यादी आठवा. तिथेही पानावर तीन रांगा असतात, पण अनुक्रम आडवा जातो: एक, दोन, तीन, मग खालची ओळ. तिथे आपण अनुक्रमांक घेऊन शोधतो, म्हणून चालतं. काउंटरवर माणूस बोट ठेवून खाली सरकतो. म्हणून रेट लिस्ट उभीच लावायची. कॉलम संपला की शेजारचा.

आणि क्रम बाराखडीचा हवाच असं नाही. गिऱ्हाईक ज्या भाषेत मागतं त्या क्रमाने लावा. प्लंबर आधी 'एल्बो' म्हणतो, मग 'पाऊण इंची'. मग आधी गट, गटाच्या आत साइज. फक्त गटाचं नाव कॉलमच्या तळाला आणि माल पुढच्या कॉलमला, असं होऊ देऊ नका.

"सर, आता मोबाइल आहे ना!"

हे मला प्रत्येक बॅचमध्ये ऐकवतात. आहे ना, जरूर वापरा. पॅकबंद मालाला बारकोड आणि बिलिंग सॉफ्टवेअर उत्तमच. पण सुटा माल, फिटिंग, शिलाई, झेरॉक्स, खानावळीची ऑर्डर, इथे बारकोड कुठून आणणार? लाइट गेली, हात ओले, मोबाइल मालकाच्या खिशात आणि मालक बाहेरगावी, अशा वेळी कागदच उपयोगी पडतो. शिवाय ज्या मोबाइलमध्ये तुमचे खरेदीचे भाव आहेत तो मोबाइल काउंटरवर फिरवायचा का, याचाही विचार करा.

त्यावरूनच सांगतो. छापायच्या शीटवर खरेदी भाव कधीच आणायचा नाही. कॉलम लपवून पण नाही. तो त्या शीटवर नसलाच पाहिजे. भाव जीएसटीसह आहे की नाही ते मथळ्यात लिहा. आणि 'लागू दिनांक' हेडरमध्ये हाताने टाका. एक्सेलची आपोआप येणारी तारीख छापल्याची असते. भाव कधीपासून लागू, ते तिला माहीत नसतं.

कुठे हे करू नका

स्टॉक रजिस्टर, उधारीची यादी, जिथे एका ओळीत सहा-सात रकाने आहेत, तिथे तीन कॉलमच्या नादी लागू नका. आणि उधारीची यादी तर काउंटरवर ठेवायचीच नाही, गिऱ्हाइकाची अब्रू असते ती.

दुसरा मोह म्हणजे 'फिट शीट ऑन वन पेज'. ते बटण दाबलं की ३६० ओळी एका पानात कोंबल्या जातात आणि मुंगीएवढं अक्षर येतं. प्रिंट देण्याआधी प्रिव्ह्यू बघा. मराठीत यादी असेल तर १२ पॉइंटच्या ओळीत वरच्या मात्रा कापल्या जात नाहीत ना, ते तपासा. मंगल फॉन्टला जास्त उंची लागते, निर्मला यूआय घेऊन बघा. तरीही कापलं जात असेल तर ६०च्या जागी ५० ओळी घ्या.

मग यादी एका कागदावर बसत नाही म्हणता? माझं उत्तर ऐकून राग येईल, पण यादी छाटा. वर्षभरात कुणी विचारलाही नाही असा माल काउंटरच्या कागदावर कशाला? तो मूळ शीटवर राहू द्या. मी छाटायला बसलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझे किती पैसे मांडणीवर धूळ खात पडलेत. कागदाच्या निमित्ताने दुकानच साफ झालं.

आजचं काम

आज दुकान बंद केल्यावर तुमची यादी तीन कॉलममध्ये करा आणि एक कागद छापा. उद्या सकाळी तो दुकानातल्या मुलाच्या किंवा ताईच्या हातात द्या, पाच मालांची नावं सांगा, भाव काढायला लावा. घड्याळ लावा. कुठे अडकले ते त्यांनाच विचारा आणि तसं बदला.

माझ्या दुकानात 'एल्बो आणि टी शेजारी शेजारी नको, काका, गोंधळ होतो' हे मला त्याच मुलाने सांगितलं. मी बदललं. त्यानंतर त्या काउंटरवरून चुकीचा भाव गेल्याचं मला तरी आठवत नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा सांभाळा, आणि तो सांभाळणाऱ्या माणसांनाही सांभाळा!